भरतनाट्यमची मराठी वाट

चिखलीतल्या माझ्या वर्गात मुलीचं नाव घालायला येणाऱ्या आया दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला असतो दहावीच्या वाढीव गुणांचा. शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्या तर ते गुण मिळतात, तसं मी सांगते. दुसरा प्रश्न जरा दबकत येतो. "ताई, पण हा नाच मद्राशी हाय ना? आपल्या पोरीले जमन का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपतं. दुसऱ्याचं दारात उभ्या उभ्या देता येत नाही. माझं माहेर मेहकरचं, नृत्याचं शिक्षण पुण्यात झालं आणि आता इतकी वर्षं आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलींना शिकवते आहे. त्या सगळ्या आयांना जे सविस्तर सांगायचं राहून गेलं ते इथे सांगते.

आधी वर्गात काय चालतं ते पाहू. मुलगी आली की पहिल्या दिवशी नमस्कार शिकते. ज्या जमिनीवर पाय आपटायचे तिची आधी क्षमा मागायची, मग गुरूला आणि समोर बसलेल्यांना वंदन करायचं. त्यानंतर अरैमंडी. टाचा जुळलेल्या, पावलं बाहेर वळलेली, गुडघे दोन्ही बाजूंना उघडून अर्धं बसायचं आणि पाठ मात्र ताठ. भरतनाट्यमचं सगळं सौंदर्य या अर्ध्या बैठकीवर उभं आहे. पहिल्या आठवड्यात "ताई, पाय लय दुखून रायले" हे ऐकू आलं नाही, तर मुली चोरून उभ्या राहताहेत असं समजावं. एखादी पोर महिनाभरात अरैमंडी धरते, एखादीला वर्ष लागतं. मी घाई करत नाही. या बैठकीत सवलत घेतलेली नर्तिका पुढे कितीही सजली तरी तिच्या नृत्याला बांधा येत नाही.

मग अडवू. हात, पाय, मान, नजर आणि ताल एकत्र बांधलेली लहानात लहान हालचाल म्हणजे अडवू. पहिला तट्ट अडवू. मी लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरते, तोंडाने "तै या तै" म्हणते आणि मुली पाय मारतात. आधी विलंबित, मग दुप्पट, मग चौपट. या ठोकळ्या-काठीला तट्टुकळी म्हणतात. रंगमंचावर तिची जागा गुरूच्या हातातले झांजेसारखे छोटे टाळ घेतात आणि त्या टाळांवर नृत्य चालवण्याला नट्टुवांगम म्हणतात. तालाच्या पाच जाती मुलींना बोलांनीच पाठ होतात. तिस्रचं तकिट, चतुरस्रचं तकधिमि, खंडचं तकतकिट, मिश्रचं तकिटतकधिमि आणि संकीर्णचं तकधिमितकतकिट. म्हणजे तीन, चार, पाच, सात आणि नऊ. गणितात कच्च्या म्हणून हिणवलेल्या मुली इथे सातात तीन आणि चार कसे बसतात ते पायांनी दाखवतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

इथपर्यंत झालं ते नृत्त. त्यात कथा नाही, अर्थ नाही, केवळ लय आणि रेषा. त्यात भाव आणि शब्द आले की ते नृत्य होतं आणि पात्रं उभी राहून कथा घडू लागली की नाट्य. भरतनाट्यमच्या एका कार्यक्रमात ही तिन्ही येतात.

भावाकडे जाण्याची वाट हातांतून जाते. 'अभिनयदर्पण' या ग्रंथात एका हाताच्या २८ मुद्रा सांगितल्या आहेत: पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख, मयूर अशा क्रमाने. दोन्ही हातांच्या जोडमुद्रा वेगळ्या. मुली पाढ्यांसारख्या त्या पाठ करतात, पण पाठ करून हात बोलत नाही. मुलीला आपल्या हाताकडे पाहायला शिकवावं लागतं. नजर हातावर स्थिरावली की मन तिथे पोचतं आणि मन पोचलं की चेहऱ्यावर आपोआप काही उमटतं.

वर्गातलाच एक प्रसंग सांगते. फुलं तोडण्यासाठी कटकामुख ही मुद्रा आहे. अंगठा आणि पहिली दोन बोटं जुळवून नाजूकपणे देठ खुडायचा. एका छोट्या मुलीला मी बागेतली फुलं वेचून दाखव म्हटलं. ती कमरेत वाकली, दोन्ही हातांनी भराभर काहीतरी उपसू लागली आणि पोटाशी बांधलेल्या ओटीत टाकू लागली. बाकीच्या मुली हसल्या. तिची आई दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचायला जाते आणि सुट्टीत ही तिच्याबरोबर असते. तिने बोंडातून कापूस काढला होता. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडू नयेत म्हणून बायका बोटं कशी आत घालतात तेसुद्धा तिच्या हातात होतं. मी तिला थांबवलं नाही. सगळ्या वर्गाला तिच्याभोवती बसवलं आणि पुन्हा करायला सांगितलं.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात यासाठी दोन फार उपयोगाच्या कल्पना आहेत. लोक जसं वागतात तसं दाखवणं ही लोकधर्मी आणि रंगमंचाच्या संकेतांनी, घडवून, सजवून दाखवणं ही नाट्यधर्मी. त्या मुलीने केलं ते शुद्ध लोकधर्मी. त्याला कटकामुखाची रेषा आणि अरैमंडीचा तोल दिला, ते तालात बसवलं, की तेच नाट्यधर्मी होतं. ही कला दुसऱ्या प्रांतातली आहे, आपल्या अंगवळणी पडणार नाही, असं वाटणाऱ्या पालकांना मला ही मुलगी दाखवावीशी वाटते.

नाट्यशास्त्राचा काळ विद्वान साधारण इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक ते इसवी सनाचं दुसरं शतक असा धरतात. आजच्या सगळ्याच शास्त्रीय नृत्यशैली आपलं मूळ तिथे शोधतात. त्यातली कथा अशी की देवांनी सगळ्या वर्णांना घेता येईल असा पाचवा वेद मागितला, तेव्हा ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद रचला. अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार तिथलेच. भरताने रस आठ सांगितले. शांत हा नववा पुढे आला. चौथ्या अध्यायात १०८ करणं आहेत, म्हणजे हात, पाय आणि धड यांच्या ठरलेल्या रचना.

तरीही आज दिसणारं भरतनाट्यम जसंच्या तसं दोन हजार वर्षांचं आहे, असं मी मुलींना कधीच सांगत नाही. कारण ते खरं नाही. तत्त्वं जुनी आहेत, पण आजचा क्रम, आजचे अडवू, आजच्या रचना बऱ्याच अलीकडे घडल्या. त्या घडण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे.

आपल्या विदर्भाचा या कलेशी संबंध मात्र खूप मागे नेता येतो. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. परिस्थितीने ती विदिशेच्या राजवाड्यात ओळख लपवून राहते आणि गणदास नावाच्या नाट्याचार्याकडे नृत्य शिकते. गणदास आणि हरदत्त या दोन आचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद पेटतो आणि निवाडा करायचा तर शिष्येचं नृत्य पाहायचं असं ठरतं. कुणाला स्वतःला उत्तम करता येतं, कुणाला उत्तम शिकवता येतं, दोन्ही ज्याला साधतं तोच खरा आचार्य, असा विचार त्या प्रसंगात येतो. नृत्य शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. दुसऱ्या अंकात मालविका नाचते आणि नाचून झाल्यावर ती नुसती उभी राहते, ते उभं राहणं राजाला नृत्याहूनही सुंदर वाटतं. अरैमंडी सोडून मुली जेव्हा ढिल्या पडतात तेव्हा मी त्यांना या वऱ्हाडच्या लेकीची आठवण देते.

मग येतं देवगिरी. यादवराजा सिंघणाच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले होते. ग्रंथाचे अध्याय सात, आणि सातवा सगळाच्या सगळा नर्तनाचा. शास्त्राने बांधलेली मार्गी परंपरा आणि प्रांतोप्रांतीच्या लोकांची देशी परंपरा या दोन्हींना त्यात जागा आहे. पुढच्या नृत्यग्रंथांवर या सातव्या अध्यायाची दाट छाया आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडचे जाधव स्वतःला याच देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. लखुजीराव जाधवांची हत्याही १६२९ साली त्याच किल्ल्यात झाली, फक्त तोवर त्याचं नाव दौलताबाद झालं होतं. जिजाऊ या लखुजीरावांच्या कन्या.

माझ्या मेहकरच्या कंचनीला विसरून पुढे जाणं मला जमणार नाही. पैनगंगेकाठच्या आमच्या गावात कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत. दंतकथा अशी की कंचनी नावाच्या नर्तिकेने हा महाल इतका उंच बांधायला घेतला की गच्चीवरून वीसेक किलोमीटरवरच्या लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा, आणि तो पुरा होण्याआधी शापाने ती शिळा झाली. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी 'कंचनीचा महाल' लिहून तिला मराठी कवितेत आणलं. पण कंचनी हे तिचं स्वतःचं नाव होतं का, याची मला शंका आहे. 'आईन-ए-अकबरी'त गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांच्या एका वर्गालाच कंचनी म्हटलं आहे. म्हणजे महाल उरला, दंतकथा उरली, बाईचं नाव बहुधा गेलं.

तंजावरला वेगळं घडलं. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर ४०० नर्तिकांची नावं कोरलेली आहेत. कोण कुठल्या मंदिरातून आली, तिला राहायला कुठलं घर दिलं, तेही. वरच्या मजल्यावर १०८ करणांपैकी ८१ करणं दगडात आहेत. याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ सालचा एक प्रचंड लेख आहे. तो मराठीत आहे आणि त्यात भोसले घराण्याचा इतिहास कोरला आहे.

आता आयांच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर. शहाजीराजांचे तुकाबाईंपासूनचे पुत्र व्यंकोजी, म्हणजे जिजाऊंचे सावत्र पुत्र, यांनी १६७६ मध्ये तंजावरला आपली सत्ता स्थापन केली. इंग्रजांनी १८५५ मध्ये ती संपवली. या जवळपास १८० वर्षांत तंजावरला तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांत गाणं, नाटक आणि नृत्य बहरलं. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते. त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठीतल्या सर्वांत जुन्या नाटकांपैकी एक, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सीतास्वयंवराच्या दीडशे वर्षं आधीचं. त्यांचे बंधू तुळजाराजे (१७२८ ते १७३६) यांनी 'संगीतसारामृत' लिहिला. नर्तिकेने रियाज कसा करावा हे सांगताना त्यांनी अडवूंची नावं आणि वर्णनं दिली आहेत. माझ्या वर्गातली मुलगी आज जो तट्ट अडवू मारते, त्याची लेखी नोंद एका भोसले राजाच्या ग्रंथात सापडते.

दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्या हातून १७९९ च्या तहाने राज्यकारभार गेला. उरलं किल्ल्यातलं शहर, तनखा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. त्यांनी आयुष्य विद्येला आणि कलेला दिलं. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, मुथुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आजचा क्रम, ज्याला मार्गम म्हणतात, तो या चौघांनी घडवला. सुरुवात अलारिप्पूने: मान, डोळे, खांदे, मग सगळं अंग एकेक करून उमलत जातं. पुढे जतिस्वरम, त्यात स्वर आहेत पण शब्द नाहीत. शब्दममध्ये पहिल्यांदा अर्थ येतो. मग वर्णम. अर्धा-पाऊण तास चालणारी ही रचना म्हणजे नर्तिकेच्या दमाची, बुद्धीची आणि भावाची कसोटी. एका ओळीचे दहा अर्थ हातांनी सांगायचे आणि लगेच अवघड तालाच्या तीरमानात उतरायचं. वर्णम झालं की पदम, जावळी अशा शांत, शृंगाराच्या रचना आणि शेवटी तिल्लाना.

सरफोजीराजांनी स्वतःही नृत्यासाठी रचना केल्या, आणि त्या मराठीत. निरूपण नावाच्या या प्रबंधात 'जय जय' पासून 'मंगल' पर्यंत अठरा रचना एकामागून एक येतात. मधे अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना. आजच्या मार्गममध्ये प्रत्येक रचनेचा विषय आणि राग निराळा असतो; सरफोजींच्या निरूपणात सगळ्यांना मिळून एक कथा, एक राग, एक ताल. एवढा वेळ एकाच रागात रसिकांना धरून ठेवायचं धाडस मला आजही थक्क करतं. निरूपण म्हटलं की आपल्याला कीर्तन आठवतं, आणि तंजावरात मराठी कीर्तन रुजलंच होतं. तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ कीर्तनकारांनी उचलले.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. राजांनी आश्रय दिला, ग्रंथ लिहिले, रचना केल्या. पण ही कला अंगावर वागवली ती देवदासी स्त्रियांनी आणि त्यांना शिकवणाऱ्या नट्टुवनारांच्या घराण्यांनी. मराठी वाटा सांगताना त्यांचं श्रेय तसूभरही कमी करण्याचा माझा हेतू नाही. तंजावरचं राज्य गेल्यावर त्यांचा आधार तुटला. काही कलावंत बडोद्याला आले. १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा गौरा आणि कांतिमती या नर्तिका, त्यांचे गुरू आणि वादक बडोद्याला आले. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे तिथे नृत्यगुरू झाले.

मद्रास इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. देवदासींचं शोषण होत होतं हे खरंच होतं, आणि १९४७ च्या कायद्याने मुली देवाला वाहण्यावर बंदी आली हे योग्यच झालं. पण त्या लाटेत त्या स्त्रियांची विद्याही कलंकित ठरली, याचं मला दुःख आहे. सदिर म्हणून ओळखलं जाणारं हे नृत्य भरतनाट्यम या नावाने नव्याने उभं राहिलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तंजावर बंधूंच्या घराण्यातल्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे शिकून १९३५ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापन केलं. दुसरीकडे टी. बालसरस्वती यांनी देवदासी घराण्याचा वारसा न लपवता तो जगभर नेला. त्यांच्या पूर्वज पापम्माळ अठराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबारातल्या कलावंत होत्या.

सरफोजींच्या मराठी रचना मात्र पोथ्यांत राहिल्या. सरस्वती महालाने त्या छापून आणल्या. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून त्या नृत्यात बसवल्या आणि त्यांच्या शिष्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर आणल्या. सुचेताताई पुढे तंजावर बंधूंच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या आणि हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम बांधणारी 'नृत्यगंगा' त्यांनी घडवली. तमिळ, तेलुगू पदं मुलींनी जरूर शिकावीत, मीही शिकवते. पण मराठी वर्ण शिकवताना वर्गात वेगळं काही घडतं. शब्दाचा अर्थ मला समजावून द्यावा लागत नाही. मुलगी शब्द ऐकते आणि तिचा चेहरा माझ्या आधी उत्तर देतो. मागे बसलेली तिची आईसुद्धा मान हलवू लागते.

दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला महाराष्ट्रभरातून लोक येतात. पोवाडे होतात, व्याख्यानं होतात. या उत्सवाच्या आयोजकांना आणि जिल्ह्यातल्या माझ्यासारख्या नृत्यशिक्षकांना माझी विनंती आहे, की तिथे अर्धा तास तंजावरच्या मराठी निरूपणाला द्यावा. जाधवांच्या गावात, भोसले राजाची रचना, बुलढाण्याच्या मुलींनी करावी. छापील संहिता उपलब्ध आहे, ती बसवण्याची परंपरा पुण्या-मुंबईत जिवंत आहे. मुलींची तयारी करून घेण्याचं काम आम्ही शिक्षक आनंदाने करू.